‘मॅडम, पण खरं उत्तर कोणतं?’

सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “वर्गात गोष्ट वाचताना मुलं छान ऐकतात, कुणी हलतसुद्धा नाही. पण वाचून झालं आणि मी प्रश्न विचारायला लागले की सगळा वर्ग विझतो. तेच चार हात वर येतात, बाकीचे मान खाली घालून बसतात. चर्चा म्हणतात ती माझ्या वर्गात होतच नाही. तास ४० मिनिटांचा, मुलांचं इंग्रजी कच्चं. सुरुवात कुठून करू?”

निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. वाचताना वर्ग जागा असतो, म्हणजे गोष्टीत खोट नाही आणि मुलांतही नाही. वर्ग विझतो तो प्रश्न सुरू झाल्यावर. मी २६ वर्षं याच वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं माझ्या वर्गातही नेमकं हेच व्हायचं. त्याचं कारण मी मुलांच्या इंग्रजीत शोधत राहिले आणि ते सापडलं माझ्याच प्रश्नांत.

गोष्ट संपल्यावर आपण काय विचारतो ते आठवून बघा. मुलाचं नाव काय? त्याने काय चोरायचा प्रयत्न केला? बाईने त्याला किती पैसे दिले? या प्रत्येकाचं उत्तर आपल्याला ठाऊक असतं, आणि ते आपल्याला ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक असतं. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक ‘गुड’ म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वर्गातल्या बोलण्याची ही तीन पावलांची साखळी ह्यू मेहान या अभ्यासकाने १९७९च्या पुस्तकात बारकाईने मांडली आहे. धडा वाचून झालाय की नाही हे बघायला ती ठीक आहे. पण ती तपासणी झाली, आणि तपासणी चालू असताना शहाणं मूल गप्प बसतं. चुकलं तर चारचौघांत चुकणार, बरोबर आलं तरी त्यातून कुणाला काही नवं कळणार नाही. मग हात वर कशासाठी करायचा?

मार्टिन नायस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आठवी आणि नववीच्या शंभराहून अधिक इंग्रजी वर्गांत बसून तास टिपले. १९९७ साली त्यावर पुस्तक आलं. मोकळी चर्चा, म्हणजे मुलं एकमेकांना उत्तर देत बोलताहेत असं बोलणं, आठवीच्या तासाला सरासरी ५० सेकंद आणि नववीत १५ सेकंदांहूनही कमी! आणि ही बहुतेक मुलं इंग्रजीच बोलणारी. तेव्हा ‘आमच्या मुलांचं इंग्रजी कच्चं’ हे कारण मी तरी त्या दिवसापासून पहिल्या नंबरला ठेवत नाही. ते आकडे वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी माझा तास फोनवर रेकॉर्ड केला आणि घरी येऊन ऐकला. त्या अख्ख्या तासात मुलांचं सगळ्यात लांब उत्तर सहा शब्दांचं होतं. बाकी सगळा माझाच आवाज.

नायस्ट्रँड यांच्या मांडणीत ‘अस्सल प्रश्न’ अशी एक कल्पना आहे. विचारणाऱ्याने ज्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं नाही, तो अस्सल प्रश्न. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती फिरतं: चर्चेच्या तासाला असा एकच प्रश्न घेऊन जा, ज्यावर तुम्ही स्वतः अजून अडलेल्या आहात. दहा नकोत, एक पुरे. तो शोधण्यासाठी गोष्ट घरी दोनदा वाचा. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल नको. दुसऱ्या वेळी जिथे थबकाल, ‘हे असं का?’ वाटेल, तिथे खूण करा. प्रश्न त्या खुणांतूनच निघतो. गाइडमधून कधी निघत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका तासावरून सांगते.

अमेरिकन लेखक लँगस्टन ह्यूज यांची ‘थँक यू, मॅम’ ही १९५८ची छोटी गोष्ट या वयाच्या मुलांना जगभर शिकवली जाते. रात्री अकराच्या सुमारास एक धिप्पाड बाई खांद्याला मोठी पर्स लावून एकटीच चालली आहे. रॉजर नावाचा मुलगा मागून येऊन पर्स हिसकावतो, पट्टा तुटतो, तो स्वतःच उताणा पडतो. बाई त्याला एक लाथ घालते, शर्टाला छातीशी धरून उभा करते आणि पोलिसांकडे न नेता फरफटत आपल्या खोलीवर आणते. तोंड धुवायला लावते, जेवू घालते. निळ्या सुएडच्या बुटांसाठी त्याला पैसे हवे होते, तर तेवढे दहा डॉलर हातावर ठेवून त्याला वाटेला लावते.

सातवीच्या वर्गात मी विचारलं, “खोलीचं दार उघडं होतं. रॉजर पळाला का नाही?” हा माझा अस्सल प्रश्न होता, निदान मला तसं वाटत होतं. उत्तरं आली. भूक लागली होती. बाई परत धरेल याची भीती. घरी कुणी नव्हतंच, मग जाणार कुठे? सगळी ठीक, पण चर्चा अजून पेटलेली नव्हती. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पुस्तकातून मान वर न करताच म्हणाली, “पळाला नाही ते कळलं. पण तो तिला दिसेल अशा जागी जाऊन का बसला?”

मी ही गोष्ट सात-आठ वेळा शिकवली होती. त्या वाक्यावर माझी नजर कधीच अडली नव्हती.

सगळ्यांनी पान काढलं. बाई पडद्याआड स्वयंपाकाला लागली आहे. तिची पर्स दिवाणावर तशीच पडली आहे. ती रॉजरकडे बघत नाही आणि पर्सकडेही बघत नाही. आणि रॉजर मुद्दाम पर्सपासून लांब, खोलीच्या पलीकडच्या बाजूला, तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून आपण दिसू अशा बेताने बसतो. पुढे ह्यूज दोन छोटी वाक्यं लिहितात. पहिल्यात ‘नॉट’ दोनदा आणि ‘ट्रस्ट’ दोनदा येतं: ती बाई आपल्यावर अविश्वास दाखवणार नाही, याचा त्याला भरवसा वाटत नव्हता. दुसरं वाक्य असं, की आपल्यावर अविश्वास दाखवला जावा हे त्याला आता नको होतं.

मी ती दोन्ही वाक्यं इंग्रजीतून फळ्यावर लिहिली आणि बाजूला झाले. वर्ग त्या दोन ‘नॉट’मध्ये चांगलाच अडकला. कुणी म्हणालं, त्याचा बाईवर विश्वास नाही. कुणी म्हणालं, बाईचा त्याच्यावर नाही. पाच मिनिटं नुसती ओढाताण. मग एक मुलगा, जो इंग्रजीच्या तासाला वर्षभर तोंड उघडत नव्हता, मराठीत म्हणाला, “त्याला वाटतंय, बाईला वाटत असेल की हा चोरणार. म्हणून तो लांब बसला. तिला तसं वाटायला नको, म्हणून.” लगेच दुसरीने अडवलं, “पण ती तर बघतच नाहीये!” आणि तो म्हणाला, “तेच ना. ती बघत नाहीये, म्हणून तर हा स्वतःच दिसेल असा बसलाय.”

मी विचारलं, “शेवटचा ‘नाऊ’ पुसला तर काय बिघडेल?” आणि खरोखर डस्टरने पुसला. वर्गाने वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं, एकदा ‘नाऊ’शिवाय, एकदा ‘नाऊ’सकट. मागून कुणीतरी म्हणालं, “नाऊ म्हणजे आधी त्याला फरक पडत नव्हता. आता पडतो.”

एवढ्याशा जागेत दोन नकारांचं वाक्य आलं, ‘मिसट्रस्ट’ हा शब्द आला आणि एका पोराचं आतून बदलणं आलं. मी यातलं काही समजावून सांगितलं नाही. पुसायला डस्टर तेवढा उचलला. व्याकरणाच्या तासाला दोन नकार शिकवायला मला याहून जास्त वेळ लागतो आणि ते पुढच्या आठवड्यात विसरले जातात.

मग नेहमीच्या चार हातांपैकी एक वर आला. पेन तयार, वही उघडी. “मॅडम, पण खरं उत्तर कोणतं? वहीत काय लिहू?”

हा प्रश्न तुम्हालाही येणार, म्हणून यावर जरा थांबते. इथे आपण पटकन उत्तर सांगून टाकलं, तर आधीची २० मिनिटं म्हणजे नुसतं नाटक होतं असं मुलं समजतात. आणि पुढच्या वेळी नाटक संपायची वाट बघत बसतात. उलट ‘सगळ्यांचं बरोबर, ज्याला जे वाटेल ते’ असं म्हणून हात झटकले तर तेही खोटं आहे, कारण सगळ्यांचं बरोबर नसतं. मी त्या मुलीला म्हणाले, “तुला पटलेलं एक उत्तर लिही. त्याखाली गोष्टीतलं ते वाक्य लिही, ज्याने तुला पटवलं. वाक्य सापडलं नाही तर उत्तर बदल.” माझ्या वर्गात नियम असेल तर एवढाच. मत तुझं, पण आधार पानावर हवा.

या नियमाने चुकीचं वाचनही सांभाळलं जातं. त्याच गोष्टीवर आणखी एका वर्षी एक मुलगा ठामपणे म्हणाला की ती बाई रॉजरची खरी आई आहे, लहानपणी हरवलेली. पोरं हसली. माझ्याही ओठांवर ‘नाही’ आलं होतं. ते गिळून मी विचारलं, “कुठे दिसलं तुला?” त्याने लगेच बोट ठेवलं. बाई एका ठिकाणी रॉजरला म्हणते की तू माझा मुलगा असायला हवा होतास. शेजारच्याने दाखवून दिलं की ती तर त्याला त्याचं नाव विचारते, आईला नाव माहीत नसेल का? मुलाने मान्य केलं. पण क्षणभर थांबून म्हणाला, “आई नाहीये, पण तिला आई व्हावंसं वाटतंय.” मी ‘नाही’ म्हणून मोकळी झाले असते तर हे वाक्य त्याच्या तोंडी कधी आलं नसतं. चुकलेल्या उत्तरात बरेचदा एक खरा वास असतो. मुलाला कुठलातरी शब्द लागलेला असतो आणि त्यावरून त्याने सुतावरून स्वर्ग गाठलेला असतो. आपण त्याला सुतापर्यंत परत आणायचं. ‘कुठे दिसलं?’ हे दोन शब्द मी दिवसातून वीसदा तरी म्हणते. बरोबर उत्तरालाही म्हणते, नाहीतर ‘कुठे दिसलं’ म्हणजे ‘चुकलं’ असं मुलं ओळखायला लागतात.

माहितीच्या प्रश्नांनी गोष्ट का मरते, याचं मला पटलेलं कारण साहित्यवाचनाच्या अमेरिकन अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी मांडलं आहे. वाचक आणि मजकूर यांच्या देवघेवीतून अर्थ घडतो हा विचार त्या १९३८ पासून मांडत होत्या. १९७८च्या पुस्तकात त्यांनी एक उदाहरण दिलं आहे: मुलाने विषारी काहीतरी गिळलं आहे आणि आई बाटलीवरचं लेबल वाचते आहे. तिला फक्त उतारा काय तेवढं हवं. शब्दांचा नाद, वाक्याची ठेवण यांच्याशी तिला घेणंदेणं नाही, आणि नसावंच. वाचून झाल्यावर हातात काय राहतं यासाठीचं हे वाचन. गोष्टीचं वाचन वेगळं, तिथे वाचत असताना आपल्यात जे घडतं ते महत्त्वाचं. आपण गोष्ट वाचून होताच ‘किती डॉलर दिले?’ विचारतो, तेव्हा नकळत मुलांना सांगत असतो की हे लेबल होतं.

आता बारीकसारीक पण कामाच्या गोष्टी.

पहिलं वाचन तुम्ही स्वतः करा, मोठ्याने, जीव ओतून. एकेकाला एकेक परिच्छेद वाचायला लावणं मी बंद केलं, त्याला बरीच वर्षं झाली. त्यात प्रत्येक मूल आपला परिच्छेद कोणता येणार ते मोजत बसतं, बाकीची गोष्ट त्याच्या कानावरच पडत नाही, आणि अडखळणाऱ्या मुलाची सगळ्यांसमोर जी शोभा होते ती वेगळीच. वाचताना मध्ये फार तर दोनदा थांबा. मुलांनी वाचायचं ते दुसऱ्या वेळी, संवाद वाटून घेऊन, गोष्ट कळल्यावर. खरी चर्चा दुसऱ्या वाचनानंतरच होते. पहिल्यात ‘पुढे काय’ याचीच ओढ असते, ‘का’ म्हणायला उसंत नसते.

शब्दार्थ आधी थोडेच द्या. ज्याच्यावाचून गोष्टच अडेल असे चार-पाच. ‘थँक यू, मॅम’मध्ये पर्सला पुढे ‘पॉकेटबुक’ म्हटलं आहे. हे न सांगता मी एकदा गोष्ट वाचली आणि अर्धा वर्ग शेवटपर्यंत समजत होता की बाईकडे एक छोटं पुस्तकही होतं. हा शब्द आधी सांगायलाच हवा. कुस्तीतल्या पकडीचं नाव येतं, ते नाही सांगितलं तरी चालतं. तिने त्याला घट्ट धरलंय हे वाक्यावरून कळतं, आणि तसं कळू देणं हाही धड्याचाच भाग आहे. ३० शब्दांची यादी फळ्यावर लिहून तास सुरू केला की गोष्टीआधीच मुलं दमतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं मला सगळ्यात जड गेलं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाचे तास तपासून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर तीनही अपुरे. मी मनात सातपर्यंत मोजते. सुरुवातीला ते सात अंक फार लांब वाटतात. हाताची घडी घालून खिडकीकडे बघा, मुलांच्या तोंडाकडे बघू नका. तुम्ही बघत राहिलात की त्यांना घाई होते.

त्याहूनही हमखास उपाय म्हणजे बोलण्याआधी लिहायला लावणं. प्रश्न फळ्यावर, दोन मिनिटं शांतता, प्रत्येकाने चिठ्ठीवर एक वाक्य लिहायचं. स्पेलिंग बघायचं नाही. मग शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, आणि मग वर्गात. आधी एकट्याने विचार, मग जोडी, मग सगळे, हा क्रम फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडला आणि तो आजही जसाच्या तसा चालतो, कारण शेजाऱ्यापुढे एकदा बोलून झालेलं वाक्य वर्गापुढे बोलायला भीती वाटत नाही. तुमच्या खाली माना घातलेल्या मुलांसाठी हाच रस्ता. मुलं लिहीत असताना मी बाकांमधून फिरते, चिठ्ठ्या वाचते. एखाद्या गप्प मुलाने काही चांगलं लिहिलेलं दिसलं की त्याच्या कानाशी वाकून विचारते, “हे मला सगळ्यांना ऐकवायचंय. तू वाचशील का?” आयत्या वेळी नाव पुकारण्यापेक्षा हे फार वेगळं पडतं. आपलं म्हणणं ऐकण्यासारखं आहे हे त्याला बोलण्याआधीच कळलेलं असतं. नाही म्हणाला तर मी सोडून देते. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वेळी हो म्हणतात.

त्या चार हातांना गप्प करू नका. ती मुलं उत्साही आहेत, त्यांच्यावर राग नको. त्यांना दुसरं काम द्या: “आत्ता ती जे म्हणाली, त्याला आधार देणारं वाक्य शोध,” किंवा “त्याच्या विरुद्ध जाणारं वाक्य आहे का बघ.” हुशार मूल पहिलं उत्तर देण्याची सवय सोडून ऐकायला शिकतं, तेव्हा वर्गाचं सगळं वजनच बदलतं.

घरच्या भाषेबद्दल. त्या सातवीच्या मुलाला मी ‘इंग्रजीत बोल’ म्हणाले असते तर तो खाली बसला असता आणि वर्गाला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मिळालं नसतं. विचार घरच्या भाषेत येऊ दे. आला की मग वर्गाला विचारा, “हे इंग्रजीत कसं म्हणूया?” तिघे-चौघे मिळून वाक्य बांधतात. कुणी ‘थिंक्स’ पुरवतं, कुणी ‘स्टील’, आणि जुळलेलं वाक्य तो मुलगा स्वतः मोठ्याने म्हणतो. मुलांना इंग्रजीत सांगण्यासारखं काहीतरी हवं असतं. ते मिळालं की शब्दांसाठी ती स्वतः धडपडतात. भिंतीवर तीन-चार वाक्यांचे सांगाडे लावून ठेवा: ‘आय थिंक... बिकॉज...’, ‘आय ॲग्री विथ... बट...’, ‘व्हेअर डज इट से...’ एवढे पुरतात. दिवाळी-नाताळपर्यंत ते उतरवून टाका, नाहीतर मुलं त्यांच्यातच अडकतात.

‘गुड’ म्हणणं सोडा. हे वाचून तुम्हाला राग येईल कदाचित, पण ‘गुड’ने बोलणं तिथेच संपतं, बाकीच्यांना कळतं की उत्तर मिळालं. आणि मुलाचं उत्तर स्वतःच्या आवाजात पुन्हा म्हणू नका. आपण सगळं पुन्हा म्हणतो, म्हणून मुलं एकमेकांचं ऐकत नाहीत, मॅडम सांगतीलच म्हणून निर्धास्त असतात. ऐकू आलं नाही तर ज्याला आलं नाही त्याने विचारावं. मुलाने म्हटलेल्याचाच धागा पकडून पुढचा प्रश्न विचारा, शक्यतो त्याचेच शब्द वापरून: “तू ‘दिसेल असा बसलाय’ म्हणालास. म्हणजे त्याला पकडलं जावं असं वाटतंय का?” आपले शब्द शिक्षकाच्या प्रश्नात ऐकले की मुलाची मान आपोआप वर येते.

गटांत भूमिका वाटून देण्याची पद्धतही मी करून पाहिली: एकाने प्रश्न काढायचे, एकाने अवघड शब्द, एकाने चित्र. हार्वी डॅनियल्स यांच्या १९९४च्या पुस्तकामुळे ती बरीच पसरली. माझ्या वर्गात कागद सुंदर भरले गेले आणि बोलणं शून्य. प्रत्येक जण आपला रकाना वाचून दाखवायचा आणि बसायचा. पुढे २००२च्या आवृत्तीत खुद्द डॅनियल्स यांनीच त्या भूमिकांच्या कागदांबद्दल सावध केलं. पहिले एक-दोन आठवडे ओळख म्हणून वापरा, त्यापुढे नको.

वर्ग ६० चा असेल तर अर्ध्यांनी मध्ये बसून बोलायचं, अर्ध्यांनी भोवती बसून कोण कुणाच्या बोलण्याला जोडून बोललं ते टिपायचं. दहा मिनिटांनी अदलाबदल. बाक हलत नसतील तर पुढचा बाक मागे तोंड करून बसू शकतो.

एक जपायची गोष्ट सांगते, कारण मी इथे चुकले होते. अशाच एका गरिबीच्या गोष्टीवर बोलताना मी विचारलं, “तुमच्यापैकी कुणाला असं काही हवं होतं आणि घरून मिळालं नाही?” मला वाटलं, गोष्ट आयुष्याशी जोडली. एका मुलीने डोळे खाली घातले आणि त्यानंतर कितीतरी आठवडे ती माझ्या तासाला बोलली नाही. मी तिला तिच्या मर्जीविरुद्ध सगळ्यांपुढे उभं केलं होतं. तेव्हापासून मुलांच्या घरचं मी विचारत नाही. रॉजरबद्दल बोलताना मूल स्वतःबद्दलही बोलत असतं, फक्त ते रॉजरच्या नावाने. तो आडोसा गोष्टीने दिलेला असतो, तो आपण काढून घ्यायचा नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकावं, आभार मानावेत आणि परत पानाकडे यावं.

गोष्ट निवडताना ती छोटी हवी, दुसऱ्यांदा वाचून होईल एवढी. आणि तिच्यात मोकळी जागा हवी, लेखकाने सगळं सांगून टाकलेलं नको. शेवटी तात्पर्य छापलेल्या गोष्टीवर बोलण्यासारखं फार काही उरत नाही. नाइलाजाने तशीच गोष्ट शिकवावी लागली तर शेवटचा परिच्छेद झाकून वाचा आणि मुलांनाच विचारा, इथे थांबली असती तर?

वेळेचं गणित सरळ आहे. एका तासात वाचन आणि चर्चा दोन्ही कोंबू नका. पहिल्या तासाला तुमचं वाचन, चार-पाच शब्द आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा. त्या चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. तुमच्या खुणांपेक्षा चांगला प्रश्न त्यात बहुधा सापडतो, आणि ‘हा प्रश्न आपल्यातल्या एकाने विचारलाय’ असं म्हणून दुसरा तास सुरू केला की वर्ग आधीच सरसावून बसतो. दुसऱ्या तासाला पुन्हा वाचन, लिहिणं, जोडी, चर्चा आणि शेवटची सात मिनिटं पुन्हा लिहिणं: माझं मत, माझा आधार, आणि कुणाच्या बोलण्याने माझं मत हललं. परीक्षेची काळजी वाटत असेल तर ही सात मिनिटं सोडू नका. कारणासह उत्तर लिहिण्याचा सराव तिथेच होतो. माहितीचे प्रश्न गृहपाठात टाका, गोष्ट दोनदा वाचलेल्या मुलांना ते पाच मिनिटांत येतात. बोलण्याला गुण देऊ नका, नाहीतर परत तपासणी सुरू होते.

पहिले दोन-तीन तास फसतील. इतकी वर्षं आपण ठरलेलं उत्तर मागत आलो, आता खरंच विचारतोय यावर मुलांचा लगेच विश्वास बसत नाही. ती आपल्या चेहऱ्याकडे बघून ‘बरोबर’ची खूण शोधतात. टिकून राहा. आणि तुमचा या आठवड्यातला एक तास फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, मग महिन्याभराने आणखी एक. दोन्हींत मुलांचं सगळ्यात लांब वाक्य किती शब्दांचं आहे तेवढंच मोजा, आणि एका मुलाने दुसऱ्या मुलाला उत्तर दिलं असं किती वेळा घडलं ते मोजा.